कॅल्शियमने पेटणारा निळा दिवा

कोकणात किंवा इथे नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात. तो बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा उजेड. त्याची कळ आम्लतेने दबते. इक्वोरिया या जेलीफिशची कळ मात्र कॅल्शियमने दबते.

१९६१ साली अमेरिकेत फ्रायडे हार्बरला ओसामु शिमोमुरा यांनी या जेलीफिशचा अर्क सिंकमध्ये ओतला. तिथे समुद्राचं पाणी होतं. लख्ख निळा उजेड पडला! ही करामत पाण्यातल्या कॅल्शियमची. अर्कातलं प्रथिन म्हणजे इक्वोरिन.

इक्वोरिनच्या पोटात सीलेंटेराझिन हा रेणू ऑक्सिजनसह आधीच बसलेला असतो, चाप लावलेल्या सापळ्यासारखा. कॅल्शियम चिकटताच प्रथिनाचा आकार बदलतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडतो. सापळा एकदाच सुटतो. पुन्हा लावायला नवं सीलेंटेराझिन हवं.

मग जेलीफिश हिरवी का चमकते? शेजारचं जीएफपी हे प्रथिन ती ऊर्जा उचलून ५०९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकतं. ही प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स: ऊर्जा दुसऱ्याकडून घ्यावी लागते. इक्वोरिन स्वतःच उजळतं, म्हणून अंधारात त्याचा क्षीण प्रकाशही मोजता येतो.

१९६७ मध्ये रिजवे आणि ॲश्ले यांनी बार्नॅकलच्या स्नायूतंतूत इक्वोरिन टोचलं. स्नायू आकुंचन पावताना जिवंत पेशीत कॅल्शियम वाढतं, हे त्या प्रकाशाने दाखवलं.