कोऱ्या वहीपुढचा विषाद

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात अर्जुन आपल्या मनाच्या दुर्बळतेस ‘कार्पण्यदोष’ असे नाव देतो. हा दोष केवळ कुरुक्षेत्रावरच उत्पन्न होतो असे नाही. दिवसभराची कामे आटोपून, दिव्याखाली नवी वही उघडून बसलेल्या गृहस्थासही तो गाठतो. मनात सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि तरीही लेखणी कागदास टेकत नाही. मी कोण लिहिणारा? माझी भाषा ती काय, आणि माझ्या साध्या संसारात लिहून ठेवण्याजोगे घडले तरी काय? वही मिटली जाते. अशा मिटलेल्या वह्या आपल्या घराघरांतून किती असतील याची गणती कोणी केलेली नाही.

अर्जुनाच्या विषादाकडे वाचकांनी नीट पाहावे. धनुर्विद्येत आपण कमी पडू, अशी त्याची शंका नव्हती. तो तर त्या विद्येतील अग्रगण्य. शिवाय, न लढण्याची कारणे तो किती सफाईने मांडतो! कुलधर्म, पातक, स्वजनांचे प्रेम, सर्व काही त्याच्या मुखी तयार आहे. संशयग्रस्त मनुष्य मूक असतो असे नव्हे. उलट, न करण्याच्या बाजूने तो फार उत्तम वक्तृत्व करतो. ‘मला लिहिता येत नाही’ हे सांगताना आपल्यापैकी पुष्कळांची वाणी किती ओघवती होते, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. भगवंतांनी त्याला लोकनिंदेचा धाक क्षणभर दाखविला खरा, परंतु आपल्या उपदेशाचा पाया त्यावर रचला नाही. फळाकडे लागलेली त्याची दृष्टी त्यांनी कर्माकडे वळविली.

या विषयाचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे रायपूर शहर येते. छत्तीसगडच्या या राजधानीत मराठी कुटुंबे भोसल्यांच्या राजवटीपासून नांदत आली आहेत. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतून अजूनही मराठी आडनावे भेटतात. येथील मराठी गृहस्थाचा संकोच दुहेरी आहे. घरात तो मराठी बोलतो, परंतु त्याची शाळा हिंदीतून झाली, बाजार छत्तीसगडीतून झाला. लिहावयास बसला की ‘माझी मराठी शुद्ध नाही’ हे पहिले भय, आणि ‘हिंदी माझी मातृभाषा नाही’ हे दुसरे. दोन्ही दारे मिटून तो मध्येच उभा राहतो. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर येथील वाचकांसही हा अनुभव परका नसावा.

याच रायपुरात एका मराठी पुरुषाने या संकोचाहून कितीतरी अवघड अशा अवस्थेतून लेखणी पुन्हा हाती घेतली. पंडित माधवराव सप्रे हे त्यांचे नाव. जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया येथील. घरची भाषा मराठी. पेंड्रा येथे राजकुमारांचे शिक्षक असताना त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारी, म्हणजे हिंदी मासिक चालविणारे हे तिघेही मराठी. पदरी पैसा नव्हता. १९०२ च्या अखेरीस ते मासिक बंद पडले. फळावरून कर्माची किंमत करणारा कोणीही म्हणेल की हा उद्योग फसला. परंतु त्याच मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली होती. जमीनदाराने झोपडी बळकावलेली एक अनाथ विधवा तेथील टोपलीभर माती मागावयास येते, आणि ती टोपली जमीनदाराला काही केल्या उचलवत नाही, एवढीच ती कथा. आज हिंदीच्या आरंभीच्या कथांत तिची गणना होते, आणि कित्येक अभ्यासक तिला पहिली कथा मानतात. ती लिहिताना लेखकाला याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. महिन्याचा अंक भरावयाचा होता, आणि त्यांनी तो भरला.

खरा प्रसंग पुढचा आहे. १९०७ साली सप्र्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांस राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये सप्र्यांसही त्याच आरोपावरून अटक झाली. टिळकांनी शिक्षा भोगली. सप्रे मात्र, वडील बंधूंच्या व घरच्यांच्या निकराच्या आग्रहापुढे नमून, क्षमापत्र देऊन सुटले. ज्याने आपल्या लेखणीने लोकांस निर्भय होण्यास सांगितले, त्याच्याच लेखणीने ती स्वाक्षरी केली! संसारी मनुष्याने या प्रसंगाचा न्याय करताना जीभ आवरावी. घरातील माणसे पाया पडत असता आपण काय केले असते, हे कोणी सांगावे? पण सप्र्यांनी स्वतःला क्षमा केली नाही. ते वर्ध्याजवळ हनुमानगड येथे श्रीधर विष्णु परांजपे यांच्या आश्रयास गेले, मधुकरी मागून राहिले, आणि समर्थांच्या ‘दासबोधा’च्या पारायणात बुडून गेले.

आता येथे थोडे थांबावे. ‘मी लिहिण्यास योग्य नाही’ हे वाक्य आपण संकोचाने उच्चारतो. सप्र्यांपाशी तर ते उच्चारण्यास जगाने मान्य केलेले कारण होते. त्यांनी लेखणी कायमची ठेवून दिली असती, तर कोणी आश्चर्य केले नसते. पण त्यांनी तसे केले नाही, आणि लगेच स्वतःच्या समर्थनार्थ लिहावयासही घेतले नाही. ज्या ग्रंथाने त्यांना धीर दिला, त्या ‘दासबोधा’चे त्यांनी हिंदी भाषांतर केले. स्वतःच्या शब्दावरचा विश्वास उडाला असता त्यांनी दुसऱ्याच्या, पूर्ण भरवशाच्या शब्दाचा हात धरला, असे मला वाटते. रायपुरास परतून त्यांनी रामदासी मठ स्थापन केला, मुलींसाठी शाळा काढली, आणि पुढे ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर त्यांच्याच हातून १९१६ साली रायपुरात सिद्ध झाले. जे राजद्रोहाची शिक्षा भोगावयास मंडालेस गेले त्यांचा ग्रंथ, आणि जे क्षमापत्र देऊन घरी आले त्यांचे भाषांतर. उत्तर हिंदुस्थानातील असंख्य घरांत टिळकांची गीता पोचली ती या मार्गाने. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये रायपुरातच त्यांचा देह पडला.

मूळ ‘गीतारहस्या’चा जन्मही या प्रकरणी बोधप्रद आहे. वडिलांच्या अंतिम आजारात, १८७२ साली, गीतेवरील मराठी टीका त्यांना वाचून दाखविताना बाल टिळकांचा या ग्रंथाशी परिचय झाला. प्रत्यक्ष ग्रंथ लिहिला गेला तो १९१०–११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, शिसपेनीने, कारण शाई मिळत नव्हती. सुटे कागदही मिळत नसत. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्याच काय त्या मिळत. म्हणजे आरंभापासून लेखनापर्यंत जवळजवळ अडतीस वर्षे! सोयीची खोली, चांगली लेखणी आणि निवांत वेळ यांची वाट पाहणाऱ्या वाचकाने या वह्यांचे स्मरण ठेवावे. आणि एवढ्या अधिकारी पुरुषाने प्रस्तावनेच्या आरंभी काय केले? आपण जे बोलतो ते संतांचे उष्टे आहे, अशा अर्थाचा तुकोबांचा अभंग शिरोभागी ठेवला. श्रीज्ञानेश्वरांनीही पहिल्याच अध्यायात टिटवीने चोचीने सागर मापावयास निघावे तशी आपली स्थिती वर्णिली आहे. त्यांनाही आपली लहानता दिसत होती, फक्त ती त्यांनी पहिल्या पानावर लिहून टाकली आणि दुसरे पान घेतले. नम्रता आणि कार्पण्य यांतला भेद मला येथेच दिसतो.

काही वाचक म्हणतील, ही थोरांची उदाहरणे झाली. आम्ही शिकलेलेही नाही. तर रायपुरापासून रेल्वेने नागपूरच्या वाटेवर सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव लागते. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा काही काळ त्या गावाशी जोडलेला आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकून घेतली, आणि उतारवयात, घरी बोलत असत त्याच भाषेत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग १९३४ साली निघाला. मराठी गद्यात त्या पुस्तकाची जागा कोणती, हे सांगावयास नको. वंगदेशातील राससुंदरी देवींनी तर एकोणिसाव्या शतकात, घरातील कोणास कळू न देता, ‘चैतन्यभागवता’चे एक पान स्वयंपाकघरात लपवून, मुलाच्या ताडपत्रावरील अक्षरांशी ताडून पाहत वाचन साधले, आणि पुढे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले. आमच्या माताभगिनींनी ‘मला काय येते’ असे म्हणण्यापूर्वी या दोघींस आठवावे.

आता आचरणाविषयी. गीतेच्या सतराव्या अध्यायात पंधराव्या श्लोकी वाङ्मय तपाची लक्षणे आली आहेत. कोणास उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, आणि स्वाध्यायाचा अभ्यास. खासगी लेखनास ही कसोटी मला फार उपयोगी वाटते. ‘हे सुंदर आहे काय?’ असे विचारले की हात आखडतो. ‘हे खरे आहे काय?’ असे विचारले की एक तरी ओळ उमटतेच. आज घरी काय घडले, कोणाशी कठोर बोललो, आजीने सांगितलेली गोष्ट तिच्या शब्दांत कशी होती, एवढे लिहिण्यास प्रतिभा लागत नाही. ज्यास एवढेही जड वाटते, त्याने सप्र्यांप्रमाणे दुसऱ्याच्या शब्दापासून आरंभ करावा. गीतेचा एक श्लोक वहीत उतरावा आणि त्याखाली आपल्या घरच्या भाषेत त्याचा अर्थ लिहावा, मग ती भाषा हिंदीमिश्रित असो की छत्तीसगडीमिश्रित. दोन महिन्यांत अर्थाखाली स्वतःचे एखादे वाक्य आपोआप येऊ लागते. ते आले की त्यास हाकलू नये.

वेळ थोडी ठेवावी, परंतु ठरलेली ठेवावी. एक पान पुष्कळ झाले. समर्थांनी नित्य काही लेखन करण्याचा उपदेश केला आहे, आणि ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर संपूर्ण लेखनक्रियेस दिला आहे. गंमत अशी की त्यात अलंकार नाहीत, रस नाहीत. अक्षर कसे वाटोळे असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वळण कसे एकसारखे राहावे, याचेच विवेचन आहे. नवख्याचे मन भीतीने भरलेले असते. त्यास हाताचे काम द्यावे, हे त्या महापुरुषाने ओळखले होते.

लिहिलेले आठ दिवस तरी परत वाचू नये. वाचले की दोष दिसतात, आणि दोष दिसले की आपल्यातला तो वक्ता पुन्हा उठून उभा राहतो. अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे की अग्नीबरोबर धूर असावा तसे प्रत्येक आरंभाबरोबर दोष असतात, आणि म्हणून सहज प्राप्त कर्म टाकू नये. धूर दिसला म्हणून चूल विझविणारी गृहिणी मी पाहिलेली नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहिण्याचा नवस करू नये. ती फळाची आसक्तीच वेष पालटून आलेली असते. आणि वही कोणास दाखवावी की न दाखवावी, हा प्रश्न निदान वर्षभर मनात येऊ देऊ नये.

हे सर्व मी अधिकाराने लिहीत नाही. माझी आई आपल्या आईबरोबर बैलगाडीतून केलेल्या प्रवासांच्या, पावसाळ्यात अडलेल्या नद्यांच्या, वाटेत भात शिजवून देणाऱ्या अनोळखी घरांच्या गोष्टी सांगत असे. ‘या लिहून ठेवू’ असे मी कित्येक वर्षे म्हणत होतो. भाषा थोडी सुधारली की लिहू, निवृत्त झालो की लिहू. ती गेली. तिच्या मागे माझ्या स्मरणात सलग अशी एकच गोष्ट उरली, आणि तिच्यातील नदीचे नाव मला आठवत नाही. तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी वडिलांच्या जमाखर्चाची जुनी वही काढली. तिच्या शेवटी काही पाने कोरी होती. तिथे मी पहिली ओळ लिहिली, आणि नदीच्या नावापुरती जागा मोकळी सोडली.