धाकटीची शाळा



उन्हाळा आला की अनेक घरांत एकच प्रश्न निघतो, 'धाकटीला कोणत्या शाळेत घालायचे?' अब्बा म्हणतात, "खासगी शाळेत घालू. कर्ज काढावे लागले तरी चालेल." अम्मी म्हणतात, "महानगरपालिकेची शाळा काय वाईट आहे?" मग दोघेही तुमच्याकडे पाहतात, कारण शाळेच्या फलकावरची मराठी सूचना तुम्हाला वाचता येते. म्हणून हा प्रश्न तुम्ही नीट समजून घ्या.

आपल्या राज्यात मुख्यतः तीन प्रकारच्या शाळा आहेत. पहिली जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची. दुसरी अनुदानित शाळा. ती संस्था चालवते, पण शिक्षकांचा पगार शासन देते. तिसरी विनाअनुदानित शाळा. तिचा खर्च मुख्यतः पालकांच्या फीमधून चालतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत आठवीपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तेथे दुपारचे जेवणही मिळते. विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र ही अट नाही.

मग निवड कशी करावी? इमारतीचा रंग पाहून करू नये. अब्बांबरोबर शाळेत जा. पाहा, वर्गात शिक्षक आहेत का? कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. पिण्याचे पाणी आहे का? मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का? शाळा घरापासून किती दूर आहे?

भाषेचाही विचार करा. लहान मूल ज्या भाषेत हट्ट करते, त्या भाषेत ते लवकर शिकते. शेवटी वहीत हिशेब मांडा. फी, गणवेश, बस, शिकवणी हे सारे दहावीपर्यंत झेपेल का? फी थकून मध्येच शाळा सोडावी लागली, तर मूल मनातून खचते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या साध्या प्राथमिक शाळेत शिकले. पुढे ते रामनाथपुरमच्या मिशनच्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये गेले. दोन्ही शाळांनी त्यांना घडवले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. 'मुलाला फीची शाळा आणि मुलीला फुकटची' असा निर्णय घरात होत असेल, तर अदबीने पण स्पष्ट बोला. धाकटी अजून लहान आहे. तिची बाजू तुम्हीच मांडायची आहे.

शब्दार्थ
फलक – तख्ता, पाटी
अनुदान – शासनाने दिलेली आर्थिक मदत
झेपणे – पेलणे, परवडणे
खचणे – हिंमत हरणे

स्वाध्याय
१. अनुदानित व विनाअनुदानित शाळांत काय फरक आहे?
२. शाळा पाहताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात?
३. धाकट्या बहिणीच्या शाळेविषयी अब्बांशी झालेला संवाद आठ ओळींत लिहा.