दूध नको, मग काय हवे, तेही लिहा

रुग्णालयात दूध नाकारणाऱ्याच्या वाट्याला बहुधा भात आणि केळे येते. उपाशी कोणी ठेवत नाही. पण पोट भरले म्हणून जखम भरतेच असे नाही. मी व्हीगन आहे; दूध, दही, तूप, अंडी, मध यांतले काहीच खात नाही, याला बरीच वर्षे झाली. शिकवते गडचिरोली जिल्ह्यात, सूरजागडच्या पायथ्याशी एका शाळेत. एटापल्लीच्या रस्त्यावर दुचाकी घसरली, मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूरला भरती व्हावे लागले. त्या मुक्कामात जे भोगले आणि मागाहून डॉक्टर, आहारतज्ज्ञ यांना विचारून जे समजून घेतले, ते अशाच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडची अडचण आधी सांगते. शहरात घरचा डबा दोन्ही वेळा वॉर्डात पोचतो. सूरजागडचा डबा एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असे करत, लोहखनिजाच्या ट्रकांमागे रखडत चंद्रपूरला पोचायचा. तिथल्या उन्हाळ्यात तो वाटेतच आंबणार. म्हणजे रुग्णालयाचे स्वयंपाकघर जे देईल, त्यावरच भागवायचे.

तिथे सकाळी दूध-बिस्किटे यायची. दूध परत जायचे. बिस्किटांतही दुधाची पावडर, म्हणून तीही जायची. दुपारी वरणाला तुपाची फोडणी, पोळीला तुपाचा हात, कोशिंबिरीत दही. उरायचा भात आणि बटाट्याची भाजी. फाइलवर नोंद पडायची, ‘जेवण कमी’. मी काय खात नाही हे साऱ्या वॉर्डाला ठाऊक होते. त्याऐवजी काय द्यायचे, हे मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हते. एका सिस्टरने कळवळून प्रोटीन पावडर मागवली, तर तीही दुधाच्याच प्रथिनांची. टाके काढायचा दिवस लांबत गेला. पायाला मुंग्या यायच्या. त्या मोडलेल्या हाडामुळेच, असे सगळे धरून चालले. अखेर रक्त तपासले तेव्हा बी-१२ फारच कमी निघाले.

माझ्या शेजारच्या खाटेवर भामरागडकडची एक माडिया आदिवासी बाई होती. तीही दुधाच्या ग्लासाला हात लावत नसे. माडियांच्या घरी गाई असतात, पण दूध काढून पिण्याची जुनी रीत नाही, ते वासराचे. तिला हवी होती सुकी मासळी आणि कोसरी या भरडधान्याची आंबील. आम्ही दोघी एकच ग्लास परत पाठवायचो; फरक इतकाच, की माझ्या नकाराला ‘फॅड’ म्हणायचे आणि तिच्या नकाराला ‘अडाणीपणा’. एकदा आग्रहाखातर ती ते दूध प्यायली आणि रात्रभर तिचे पोट बिघडले. लहानपणानंतर ज्यांच्या घरी दूध नसते, अशा अनेकांना ते पचत नाही. हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. सकाळच्या ट्रेला मात्र नव्हते.

पुढे आहारतज्ज्ञ बाई राऊंडला आल्या. त्यांनी वाद घातला नाही, कौतुकही केले नाही. फाइल उघडून लिहिले: दूध-अंडी नाही, सकाळी शेंगदाणे-गूळ, दुपारी घट्ट वरण दोन वाट्या, फोडणी तेलाची, चार वाजता फुटाणे, रात्री सोयाबीन वडीची भाजी. दुसऱ्या दिवसापासून तसे ताट आले. स्वयंपाकघराला माझी विनवणी कळत नव्हती, लिहिलेला आहार कळत होता. मला सांगायचे आहे ते एवढेच: नुसता नकार फाइलवर ‘जेवण कमी’ होतो, त्याच्या जागी काय, हे लिहिले गेले तरच तो आहार होतो.

भरती होताना

‘व्हीगन’ म्हणून थांबू नका. दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, अंडी, मांस-मासे, मध नको, अशी नावे सांगा. ‘शाकाहारी’ लिहिले की दूध गृहीत धरले जाते. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाचा पदार्थ अडवत नाही. आपल्याकडे व्हीगन पदार्थांसाठी २०२२ चे वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आहे, पण ते अजून फार थोड्या पाकिटांवर दिसते. म्हणून घटकांची यादी वाचावी. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन म्हणजे दूधच.

दुधाची ॲलर्जी आहे असे खोटे सांगू नका. ती नोंद कायमची राहते आणि पुढे औषध निवडताना डॉक्टरांची दिशाभूल करते. ‘ही माझी निवड आहे’ म्हणा आणि त्याच वेळी आहारतज्ज्ञांची भेट मागा. लहान रुग्णालयात आहारतज्ज्ञ नसतात. तिथे राऊंडच्या डॉक्टरांकडून केसपेपरवर चार ओळी लिहून घ्या.

ताटात काय असावे

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. रुग्णालयातल्या पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम मिळाली तरी पुष्कळ. म्हणून घट्ट वरण, उसळ, फुटाणे मागा. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत सात-आठ. कच्ची मोड आलेली कडधान्ये वॉर्डात टाळा, शिजवलेलीच खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेबच बदलतो. तिथे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

कॅल्शियम रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते. तिळात भरपूर असते, शेवग्याच्या पाल्यातही चांगले. पालकातले कॅल्शियम मात्र अंगी फारसे लागत नाही. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नका.

आमच्या भागातून येणाऱ्यांनी डब्याऐवजी टिकणारी शिदोरी आणावी: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, जवसाची आणि तिळाची चटणी, नाचणीचे पीठ, कोसरी. आंबील रोजच्या रोज ताजी करावी, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. चंद्रपूर-गडचिरोलीत लाखोळीची डाळ घरोघरी असते. आजारपणात प्रथिनांसाठी एकट्या तिच्यावर विसंबू नका. ती बराच काळ मुख्य अन्न झाली की पायांचा लकवा होऊ शकतो. तूर, मूग, चणा हाताशी ठेवा.

बी-१२ कडे दुर्लक्ष नको

हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. गोळी किंवा इंजेक्शन लागतेच, आणि औषधातले बी-१२ जिवाणूंपासून तयार होते. तत्त्वाला बाधा येत नाही. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आपला आहार सांगा. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू बी-१२ निकामी करतो. ज्यांच्यात ते आधीच कमी आहे, त्यांच्या नसांना इजा होऊ शकते. मेटफॉर्मिन आणि पित्तावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलमुळे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. फॉलिक ॲसिडने बी-१२ अभावी झालेला रक्तक्षय झाकला जातो, नसांचे नुकसान चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी मागून घ्या.

औषधांशी भांडण नको

बऱ्याच कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, अनेक गोळ्यांत लॅक्टोज असते. खाटेवर पडून असलेल्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. मला ते दिले, मी ते घेतले. दुसरा पर्याय आहे का, हे जरूर विचारा. नसेल तर औषध घ्या. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढे’ अशी अट आहे. ड जीवनसत्त्वाची पुडी ‘दुधातून’ घ्यायला सांगतात. जेवणानंतर पाण्यातून चालेल का, एवढे विचारले की काम होते. नळीने अन्न द्यायची वेळ आली तर तयार पावडरी बहुधा दुधाच्या असतात; सोयाच्याही मिळतात, पण आधी सांगितले तरच वेळेवर येतात. न आल्यास जे आहे ते द्यावे, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

रुग्णालयांनाही दोन शब्द

रुग्णाच्या रीतीप्रमाणे दवाखाना बदलता येतो, हे गडचिरोलीने पूर्वीच करून दाखवले आहे. हेमलकशात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे रुग्णासोबत सारे घर येऊन राहते. शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी आदिवासींना विचारले, दवाखाना कसा हवा. मग मा दंतेश्वरीच्या नावाचा, झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना उभा राहिला. जेवणाचेच उदाहरण घ्यायचे, तर न्यूयॉर्क शहराच्या सरकारी रुग्णालयांत २०२२ पासून दुपारी-रात्री आधी वनस्पतिजन्य जेवणच सुचवतात. नको असेल त्याला दुसरे मिळते. वरणाला तेलाची फोडणी देऊन तूप वेगळ्या वाटीत ठेवायला तर जादा खर्चही नाही. त्या माडिया बाईसाठीही सकाळी दुधाऐवजी पेज ठेवता आली असती.

तोवर आपली तयारी आपणच करायची. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा: काय नको, त्याऐवजी काय चालेल, कोणती औषधे चालू आहेत, जीव धोक्यात असेल तर काहीही द्यायला हरकत नाही. एक प्रत आधार कार्डाजवळ, एक शेजाऱ्याकडे. आमच्या रस्त्यावर अपघात झाला की रुग्णवाहिकेत बसेपर्यंत असले काही सांगायला सवड नसते, आणि कधी शुद्धही नसते.