ज्याला हात लावला, त्यावर डोळा

बाबू, थार घेतलीस, टायर मोठे टाकलेस, आता इंजिनाच्या संगणकाचं रीमॅप करून ताकद वाढवायचं मनात आहे, असं तुझी आई सांगत होती. मी नको म्हणणार नाही. जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवून मागणारी माणसं गॅरेजवर यायची, त्यांनाही मी परत पाठवलं नाही. पण त्यांना आधी एक गोष्ट सांगायचो, तीच तुला सांगतो. डॅशबोर्डवरचे दिवे आणि काटे कंपनीने स्वतःच्या इंजिनासाठी दिलेत. तू बदललेल्या इंजिनाचा राखणदार तुलाच नेमावा लागतो. तो राखणदार म्हणजे मीटर. ते कसं निवडायचं, त्याचे हे कानमंत्र.

१. आधी गाडीची यादी, मग मीटरची

दुकानात जाऊन ‘चांगलं मीटर दाखवा’ म्हणू नको. घरी कागद घे. गाडीत काय बदललं, काय बदलणार, ते लिही आणि त्याचा भार कुठल्या भागावर पडतो तेही पुढे लिही. डिझेलचं रीमॅप केलं तर भार पिस्टन आणि टर्बोवर. तिथे एक्झॉस्टचं तापमान आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, पाहायचा. पेट्रोल टर्बोची ताकद वाढवली तर हवा-इंधनाचं प्रमाण पाहायचं. जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन टाकलं तर पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि बॅटरीचा व्होल्टेज. कारण तिथे रेडिएटर एका गाडीचा, पंखा दुसऱ्या गाडीचा आणि वायरिंग तिसऱ्याच मिस्त्रीचं असतं. नुसता लोखंडी बंपर, विंच आणि लाइटची पट्टी लावली तरी रेडिएटरची हवा अडते. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की तेवढंही पुरतं. ज्याला हात लावला, त्यावर डोळा. बाकीची मीटरं शोभेची.

२. कंपनीचा काटा सगळं सांगत नाही

टेम्परेचरचा काटा नेहमी मध्यावर असतो म्हणून खुश राहू नको. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून कंपन्या तो मुद्दाम स्थिर ठेवतात. अनेक गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो जागचा हलत नाही, आणि हलला की थेट लालकडे धावतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता दिवा. ऑइलच्या दिव्याचंही तसंच. तो पेटतो तेव्हा प्रेशर अर्ध्या किलोच्याही खाली गेलेलं असतं. भरधाव इंजिनात तोवर बेअरिंगने मार खाल्लेला असतो. म्हणून खरा आकडा दाखवणारं मीटर हवं. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे सुमारे १० पीएसआय ऑइल प्रेशर, हा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा. नेमका आकडा तुझ्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घेजो.

३. ओबीडी घे, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नको

२०१३ नंतरच्या बीएस-४ आणि सगळ्या बीएस-६ गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाइलवर पाण्याचं तापमान, आरपीएम, बूस्ट, व्होल्टेज दिसतात. सुरुवात इथूनच कर. पण त्याच्या तीन मर्यादा आहेत. एक, पाच-सहा आकडे एकदम मागितले की प्रत्येक आकडा उशिरा येतो. बूस्ट क्षणात चढतो-उतरतो, तो हुकतो. दोन, ऑइल प्रेशर बहुतेक गाड्यांत तिथे मिळत नाही, कारण कंपनीने इंजिनात फक्त दिव्याचा स्विच बसवलेला असतो.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. ओबीडी तेच सांगतं जे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतं. रीमॅपऐवजी तू बाजारातला ट्युनिंग बॉक्स लावलास, तर तो बहुधा कॉमन रेलच्या सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला फसवतो. ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो वाढवतो. मग मोबाइलवर दिसणारा रेल प्रेशरचा आकडाही फसवलेलाच असतो. ज्या ठिकाणी बदल केला, त्या ठिकाणचा सेन्सर वेगळा आणि स्वतःचा असावा. आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवजो, बॅटरी खातं.

४. डिझेलला ईजीटी, आणि तोही टर्बोच्या आधी

डिझेल जास्त गेलं आणि हवा तेवढी नसली की काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान, म्हणजे ईजीटी, चढतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्याहून तापलेला धूर सोसून पिस्टन टिकतो, कारण प्रत्येक फेरीत वरून ताजी हवा मिळते आणि खालून ऑइल उष्णता वाहून नेतं. पुसदकडच्या घाटात ट्रेलर ओढताना किंवा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर एसी लावून भरधाव जाताना पाय सलग दाबलेला राहिला, तर ही उसंत पुरत नाही. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सलग ७०० अंशांवर राहू द्यायचं नाही, ही सांभाळून चालणाऱ्यांची रेघ. टर्बोनंतर सेन्सर लावलास तर भाराखाली आकडा शंभर-दीडशे अंश किंवा त्याहूनही कमी दिसेल आणि तुझा गैरसमज होईल.

बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरसाठी कंपनीनेच तापमानाचे सेन्सर दिलेले असतात. टर्बोआधीचा एखादा स्कॅनरवर दिसतो का, आधी पाहजो. दिसला तर भोक पाडायची गरजच नाही. पाडावंच लागलं तर मॅनिफोल्ड खाली उतरवूनच. लोखंडाचा एक कीस टर्बोत गेला तर पंख्याची पाती जातात. आणि ईजीटीच्या सेन्सरची, म्हणजे थर्मोकपलची, वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नको, आकडा चुकतो. त्याच जातीची वायर लागते.

५. पेट्रोलला लॅम्डा

तुझ्या मित्राच्या पेट्रोल गाडीसाठी हे सांगून ठेवजो. हवा-इंधनाचं मीटर घेताना वाइडबँडच घ्यायचं. कंपनीच्या जुन्या नॅरोबँड सेन्सरला फक्त ‘कमी की जास्त’ एवढंच कळतं. आणि मीटर लॅम्डा दाखवणारं असावं. साध्या पेट्रोलला एका भागास हवा १४.७ भाग लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा, सीएनजीला सतराच्या आसपास. पंपावर इंधन बदललं की हे आकडे हलतात, लॅम्डा हलत नाही: बरोबर मिश्रणाला तो कुठल्याही इंधनावर १. टर्बो पूर्ण दाबात असताना तो ०.८५ च्या आसपास हवा. तिथेच तो १ कडे सरकू लागला तर पाय काढायचा आणि गाडी ट्यूनरकडे न्यायची.

६. काट्यापेक्षा बझर मोठा

समोर म्हैस आडवी आली असता ऑइल प्रेशर पाहायला कोणाची नजर जाते? हे जुन्यांनाही ठाऊक होतं. आपली शकुंतला रेल्वे यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर १९९४ पर्यंत वाफेवर धावली. तिचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरचं. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरसमोर दाबाचा काटा असे, पाण्याच्या पातळीची काच असे, दोन माणसं लक्ष ठेवून असत. तरी भट्टीच्या छतात शिशाचं बूच बसवलेलं असायचं. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं की ते वितळायचं आणि वाफ भट्टीत फुसफुसत शिरायची. माणूस चुकला तरी धोक्याने स्वतः बोलावं, ही त्यामागची अक्कल.

म्हणून मीटर निवडताना रंगीत स्क्रीन नंतर पाहा. अलार्मचा आकडा आपल्याला लावता येतो का, बझर खिडक्या उघड्या असताना ऐकू येतो का, सर्वांत वरचा आकडा मीटर लक्षात ठेवतं का, रात्री उजेड कमी होतो का, हे आधी विचारजो. पाण्याला १०५ अंशांवर पहिला इशारा, ११० वर दुसरा, एवढं बहुतेक गाड्यांना चालतं.

७. पाणीच नसेल तर तापमान कोण सांगणार?

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होस फाटून कूलंट सांडलं की तो कोरडा पडतो आणि इंजिन तापत असताना आकडा उलट खाली येऊ शकतो. यावर दोन उपाय: कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर, किंवा सिलिंडर हेडच्या धातूवरच बोल्टने बसणारा तापमानाचा सेन्सर. जुन्या जीपला यातला एक हवाच.

आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नको. आपल्याकडे पांढरकवडा-झरी भागातलं पाणी किती जड असतं हे तुला माहीत आहे. त्याचा खार वॉटर जॅकेटमध्ये बसतो आणि सेन्सरच्या टोकावरही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. वणीकडे कोळशाची धूळ, कापसाच्या हंगामात गाड्यांवरून उडणारा कापूस, दोन्ही रेडिएटरच्या जाळीत बसतात. आकडा महिन्या-दीड महिन्यात हळूहळू चढत गेला तर जाळी धू. एकदम चढला तर बेल्ट, होस, पंखा पाहा.

८. बसवणी

सेन्सर आणि मीटर एकाच कंपनीचं, एकाच सेटमधलं घे. एकाचा रेझिस्टन्स १० ते १८० ओहम, दुसऱ्याचा २४० ते ३३. असे दोन जोडले की काटा उलटा चालतो. आटे जुळतात का पाहा, जबरदस्तीने फिरवलेला सेन्सर ब्लॉकचे आटे खातो. एका वायरचा सेन्सर ब्लॉकमधून अर्थ घेतो, म्हणून त्याला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून अर्थ तोडू नको. जड सेन्सर ब्लॉकवर लोंबकळत ठेवू नको, थरथरीने मोडतो. मजबूत होस जोडून तो बाजूला पक्का कर. गरम ऑइलची नळी केबिनमध्ये आणणारं मीटर घेऊच नको. वायर फायरवॉलमधून जाईल तिथे रबर ग्रोमेट, आणि वेगळा फ्यूज.

काचेच्या बाजूच्या खांबावर मीटरचं भांडं बसवण्याची फॅशन आहे. गाडीला कर्टन एअरबॅग असेल तर ती तिथूनच उघडते. तिथे काहीही बसवू नको. आणि सुटा सेन्सर नागपुरात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारजो. मीटर टिकतं, सेन्सर मरतो.

९. मीटरचीही परीक्षा घे

नवं आहे म्हणून खरं असेल असं नाही. तापमानाचा सेन्सर उकळत्या पाण्यात धर. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. १०० दाखवलं नाही म्हणून परत करायला धावू नको, ९० दाखवलं तर मात्र धाव. निरपेक्ष दाब दाखवणारं बूस्ट मीटर इंजिन बंद असताना इथे ९६ किलोपास्कलच्या आसपास असावं. ऑइल प्रेशर गॅरेजमधल्या मेकॅनिकल गेजशी एकदा पडताळून घे.

१०. आधी नोंद, मग बदल

मीटर रीमॅपच्या आधी बसव. मूळ इंजिनावर काही आठवडे गाडी चालव आणि वहीत लिही: बाहेरची गरमी, एसी चालू की बंद, भार किती, घाट की सपाट, आणि त्या वेळचे आकडे. हीच तुझी मोजपट्टी. रीमॅपनंतर त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात पुन्हा बघ. ट्यूनर ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल. वही काय म्हणते ते महत्त्वाचं.

११. वाजलं तर काय करायचं

हे आताच पाठ कर, त्या वेळी डोकं चालत नाही. ऑइल प्रेशर कोसळलं तर गाडी बाजूला घे आणि इंजिन ताबडतोब बंद. पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हटलंस तर क्रँक गेला. पाणी तापलं पण ऑइल प्रेशर ठीक आहे आणि कूलंट सांडलेलं नाही, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पाय हलका, आणि सावलीत इंजिन मंद चालू ठेव. तरी आकडा उतरला नाही तर बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडजो नको. ईजीटी चढलं तर पाय काढ, एक गिअर खाली घे.

१२. कागद

इंजिन बदललं तर एमएच-२९ च्या आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळव. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं.

आता पैशांचं. पाण्याचं तापमान ओबीडीवर जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून पहिला खर्च ऑइल प्रेशरवर, बझरसकट. दुसरा तुझ्या डिझेलसाठी ईजीटीवर. एवढ्या दोन मीटरचे पैसे नसतील, तर रीमॅपचे पैसेही अजून जमलेले नाहीत असं समज.