पहिले पाच घास

शेताच्या बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाणाऱ्या मनुष्यास 'आज काय जेवलास?' असे विचारले, तर ठेच्यात मीठ किती पडले होते येथवर तो सांगेल. हाच प्रश्न शहरात नोकरीस गेलेल्या आपल्या मुलास विचारून पाहा. पुष्कळदा तो क्षणभर गप्प राहील. त्या गप्प राहण्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरास आमच्या भाच्याच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. घाटकोपर हे मुंबईच्या उपनगरांतील मोठ्या वर्दळीचे ठिकाण. मध्य रेल्वेच्या लोकलगाड्या आणि २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-अंधेरीकडील मेट्रो यांची तेथे गाठ पडते, आणि सकाळ-संध्याकाळ पुलावर पाऊल ठेवावयास जागा नसते. पूर्वेकडील वल्लभबाग गल्ली तर खाऊगल्ली म्हणूनच प्रसिद्ध आहे. तेथे नाना तऱ्हेचे डोसे लोक उभ्याउभ्यानेच खातात. अशा ठिकाणी अन्नाची वाण नाही. वाण आहे ती जेवावयास बसण्याच्या वेळेची.

आमचा भाचा सकाळची पोळी जोडे घालता घालता खातो. दुपारचा डबा कचेरीतील कागदांशेजारी उघडतो. संध्याकाळी स्थानकाबाहेर एखादा वडापाव होतो, आणि रात्रीच्या ताटापुढे मोबाईल उभा केलेला असतो. एके रात्री सूनबाईने बाजारातून बोंबील आणून, खोबरे वाटून, सासूच्या हातचे होई तसे कालवण केले होते. भाचा जेवून उठला, तेव्हा तिने विचारले, "कालवण कसे झाले होते?" त्याने रिकाम्या ताटाकडे पाहिले व म्हणाला, "कालवण होते का?" ती काही बोलली नाही, ताट उचलून मोरीकडे गेली.

थोड्या वेळाने तो आमच्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "मामा, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तात साखर वाढली म्हणून सांगितले. घरात अजून कोणास बोललो नाही. पण मी फार खात नाही हो." तो खोटे बोलत नव्हता. आपण काय आणि किती खाल्ले, हेच त्यास ठाऊक नव्हते. त्यास उपदेश करावयास आमची जीभ धजली नाही. कारण त्याच सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचता वाचता पोह्यांची बशी रिकामी केली होती, आणि पोह्यांत शेंगदाणे होते की नाही हे आम्हांसही सांगता आले नसते.

ही गोष्ट एका घरची नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांस मधुमेह आहे. त्याची कारणे अनेक आहेत: आनुवंशिकता, बैठे काम, वाढलेले वजन, आहाराचा प्रकार. परंतु नकळत अधिक खाल्ले जाणे हेही वजन वाढण्याचे एक कारण आहे, आणि त्यावर आपला थोडाबहुत ताबा चालतो.

लक्ष आणि भूक यांचा संबंध काय, ते पाहू. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला म्हणजे गोड लागतो. कारण तोंडातील लाळ पिठूळ अन्नाची साखर करू लागते. पचनाचा आरंभ असा जिभेवरच होतो. पुढे पोट भरल्याची वर्दी जठर व आतडी यांतून मेंदूस पोचते. तीस सुमारे वीस मिनिटे लागतात असे मानले जाते. जो सात मिनिटांत ताट संपवितो, त्याने वर्दी येण्यापूर्वीच दुसऱ्यांदा वाढून घेतलेले असते. शिवाय स्मरणाचाही ह्यात भाग आहे. २०१३ साली इंग्लंडातील संशोधकांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा असे आढळले की मन दुसरीकडे असता मनुष्य त्या वेळी तर अधिक खातोच, पण नंतरच्या खाण्यातही अधिक खातो. म्हणजे मनाने न जेवलेले जेवण हिशेबात धरलेच जात नाही.

आपल्या पूर्वजांस हे प्रयोग ठाऊक नव्हते, पण चाली होत्या. कोणी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत. कोणी समर्थ रामदासांच्या नावाने चालत आलेला श्लोक पंक्तीत म्हणत. घाटकोपरात जैन बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या तपांत ऊनोदरी म्हणून एक तप आहे, म्हणजे भुकेहून काहीसे कमी खाऊन उठणे. आपल्या घरांतही जेवणापूर्वी उपकारस्तुती होते. पण 'आमेन' म्हणताच हात ताटाकडे आणि डोळे दूरदर्शनाकडे गेले, तर ज्याबद्दल उपकार मानले ते आपण पाहिले तरी कोठे?

घाटकोपराहून रेल्वेचा हाच मार्ग कसाऱ्यापर्यंत जातो व थळघाट चढून इगतपुरीस पोचतो. तेथील धम्मगिरी येथे सत्यनारायण गोएंका यांची विपश्यना शिबिरे १९७६ पासून भरतात. दहा दिवसांच्या शिबिरात बहुतेक दिवस मौन असते आणि जेवणही मौनातच होते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स येथे रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. त्यातील प्रसिद्ध पाठ म्हणजे एकच बेदाणा हातात घेऊन पाहणे, हुंगणे, आणि सावकाश चावणे. तासगावचा बेदाणा आपल्यास काही परका नाही. हा पाठ कोणीही करून पाहावा.

परंतु ज्यास सकाळची लोकल गाठावयाची आहे किंवा पहाटे दूध घालावयास जावयाचे आहे, त्याने रोज तासभर मौनाने जेवावे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो: पहिले पाच घास लक्ष देऊन खावे. बसून खावे, मोबाईल दूर फळीवर ठेवावा, घास गिळल्यावाचून दुसरा उचलू नये. अन्नाचा रंग, वास, चव पाहावी. आणि ते पिकविणारे व रांधणारे हात आठवावे. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी क्षणभर थांबून पोटास विचारावे.

येथे दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली ही की, लक्षपूर्वक जेवणे हे औषध नव्हे. मधुमेह्याने वैद्याची औषधे, तपासणी आणि पथ्य सोडू नये. दुसरी ही की, ज्याच्या ताटात मुळी पुरेसे अन्नच नाही, त्यास सावकाश खाण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. त्यास आधी आपल्या ताटातले द्यावे.

भाच्याने दुसऱ्या रात्री आपली साखरेची गोष्ट पत्नीस सांगितली. ती रडली, रागावली, आणि मग तांदळाचे माप कमी करून भाजी वाढवू लागली. मोबाईल फळीवर गेला. आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री पाचवा घास होताच तो म्हणाला, "आज कोकम जास्त पडले काय?" सूनबाई हसली. इतक्या दिवसांत तिच्या रांधण्यास कोणी नाव ठेवलेले नव्हते, कारण कोणी ते चाखलेच नव्हते.

घरी विचार करण्यासाठी:

१. काल रात्री आपण काय जेवलो, आणि त्याची चव कशी होती?
२. आपल्या घरी जेवणाच्या वेळी कोणती वस्तू दूर ठेवावयास पाहिजे?
३. रांधणाऱ्याशी आपण अन्नाविषयी शेवटचे कधी बोललो?