सीदोनचा एक दिवस
(प्रेषितांची कृत्ये 27:3)

कैसरियाहून निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंदिवान पौलाचे तारू सीदोनला लागले. भूमध्य समुद्राकाठचे हे कोळ्यांचे बंदर म्हणजे आजच्या लेबनॉनमधील सैदा. युल्य शताधिपतीने त्याला तेथे मित्रांकडे जाऊ दिले, पण कशासाठी? लूकने योजलेले ‘एपिमेलेइया’ हे नाम नव्या करारात अन्यत्र कोठेही नाही. त्याचे क्रियापद मात्र चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दोनदा येते, जखमी मनुष्याच्या शुश्रूषेसंबंधी. (लूक वैद्य होता, हे विसरू नये.) ‘पाहुणचार’ म्हटले की आपल्याला पुरणपोळी आठवते! लखनौच्या निशातगंजमध्ये अनुवाद तपासताना मी तो शब्द खोडून ‘शुश्रूषा’ लिहिले. बेड्यांनी सोलवटलेल्या मनगटांना त्या दिवशी कोणी तेल लावले असेल.