बागायती ट्रॅक्टरचा स्टार्टर : तपासणी व दुरुस्ती

द्राक्षे व डाळिंबे यांच्या बागांतून लहान ट्रॅक्टरचा वापर आता रूढ झाला आहे. दोन ओळींमधील अरुंद जागेतून तो सहज फिरतो आणि आंतरमशागतीबरोबरच फवारणीचे यंत्रही चालवितो. यांपैकी जे ट्रॅक्टर जुने झाले आहेत, त्यांच्या स्टार्टरविषयी तक्रारी वरचेवर उद्भवतात. नाशिक व सांगली भागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा पडली की केवडा रोगावरील फवारणी लांबणीवर टाकता येत नाही. अशा वेळी इंजिन सुरू झाले नाही तर वर्षाचे पीक धोक्यात येते. घाबरून जाऊन नवा स्टार्टर विकत घेतला जातो. परंतु दोष पुष्कळदा स्टार्टरमध्ये नसून त्याच्याकडे येणाऱ्या विजेच्या वाटेत असतो. म्हणून तपासणी बॅटरीपासून सुरू करून क्रमाने स्टार्टरपर्यंत यावे. हा क्रम पाळल्यास वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

स्टार्टरचे कार्य

स्टार्टर ही एक लहान पण जोरकस विद्युत मोटर होय. चावी फिरविली की सॉलेनॉइडला वीज मिळते. तो पिनियनला पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात गुंतवितो व त्याच वेळी बॅटरीची जाड केबल मोटरला जोडून देतो. इंजिन सुरू झाले की पिनियन मागे सरकतो.

दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली काय ?

ही समजूत फसवी आहे. ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज घेतो. स्टार्टरला शंभराहून पुष्कळ अधिक अँपिअर लागतात. समजा, बॅटरीच्या टोकावर गंज चढून केवळ ०.०१ ओहम इतका अडथळा निर्माण झाला. दिव्याच्या बाबतीत त्यामुळे अर्धा दशांश व्होल्टसुद्धा कमी होत नाही. परंतु स्टार्टर २०० अँपिअर ओढू लागला की तेथेच २ व्होल्ट नाहीसे होतात. दिवा लख्ख असतो आणि स्टार्टर मात्र कण्हतो, त्याचे कारण हे होय.

तपासणीचा क्रम

प्रथम गियर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक लावावा. चाकांना उटी द्यावी. डिझेल बंद करण्याची दांडी ओढून ठेवावी, म्हणजे तपासणी चालू असता इंजिन सुरू होणार नाही.

(१) बॅटरी : विश्रांतीनंतर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. चावी फिरवीत असता हा आकडा साडेनऊच्या खाली गेल्यास बॅटरी भरून घेऊन पुन्हा पाहावे. पाणी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे.

(२) टोके व केबल : ऋण टोक प्रथम सोडावे व जोडताना शेवटी जोडावे. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. अर्थची केबल जेथे चासीला बसते, तेथील रंग व गंज खरवडून काढावा. ही जागा सर्वांत अधिक दुर्लक्षित असते.

(३) मीटरने खात्री : चावी फिरवीत असता मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी स्टार्टरच्या अंगाला लावावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास अर्थ सदोष आहे. बॅटरीचे धन टोक व सॉलेनॉइडचा मोठा बोल्ट यांमध्येही हीच कसोटी लावावी.

आवाजावरून निदान

एकसारखी टकटक ऐकू आली तर बॅटरी क्षीण किंवा जोड सैल समजावा. एकदाच ‘टक्’ होऊन पुढे काही न घडल्यास सॉलेनॉइडचे संपर्क जळलेले असतात, ब्रश झिजलेले असतात किंवा मोटर अडकलेली असते. मोटर गरगर फिरते पण इंजिन जागचे हालत नाही, तेव्हा पिनियन किंवा दातेरी कडे पाहावे. काहीच आवाज नसल्यास फ्यूज, चावी आणि क्लच वा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच तपासावा.

स्टार्टर उघडल्यावर

वरील सर्व ठीक असेल तरच स्टार्टर काढावा. ब्रश मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असल्यास सर्व एकदम बदलावेत व स्प्रिंगांचा दाब पाहावा. कॉम्युटेटर काळा पडला असल्यास बारीक काचकागदाने पुसावा. एमरी कापड वापरू नये. त्याचे कठीण कण तांब्यात रुतून ब्रश झिजवितात. बुश ढिले झाले असल्यास आर्मेचर आतून घासते. तशा खुणा दिसताच बुश बदलावेत. पिनियनच्या आट्यांवर ग्रीस थापू नये. त्यावर धूळ बसून पिनियन अडकतो. पिनियनचा क्लच रॉकेलमध्ये बुडवू नये, आतील वंगण धुऊन जाते. आर्मेचरची गुंडाळी जळली असल्यास ते काम कुशल कारागिराकडेच सोपवावे.

जीवावर बेतणारी सवय

सॉलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून इंजिन सुरू करण्याची सवय अत्यंत घातक आहे. अशा रीतीने सुरक्षा स्विच निकामी ठरतो. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो, आणि पेचकस धरणारा माणूस बहुधा मागील चाकाच्या पुढेच उभा असतो. शिवाय ठिणगीने बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. सुरक्षा स्विच बिघडल्यास तो बदलावा, तारा जोडून टाळू नये. इंजिन नेहमी आसनावर बसूनच सुरू करावे.

नित्याची काळजी

चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबावे. अन्यथा स्टार्टर तापून जळतो. बॅटरीची टोके महिन्यातून एकदा साफ करावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या बागेत शेतकऱ्यांना एकत्र बोलावून मीटरची ही कसोटी प्रत्यक्ष करून दाखवावी. ऐन हंगामात होणारी धावपळ त्यामुळे टळेल.